बालवाडीच्या भिंतीवरची हिरवी रेघ

दिवाळे, शुक्रवार

तीर्थरूप पंढरीमामांना भाची नमिताचा वाकून नमस्कार.

कंबर कशी आहे? करंजा बंदरात होडीचं काम कुठवर आलं? आणि उजवा हात बरा आहे ना? (हाताचं मुद्दाम विचारते आहे.) तुमचा फोन चार दिवस बंद लागतो, म्हणून हे पत्र विमलबाईंच्या मासळीच्या टोपलीतून पाठवते. पाकिटाला तीन ठिकाणी चिकटपट्टी लावली आहे. दोनच दिसल्या तर कळवा.

मामा, सध्या गावात माझ्यावर कोणाचा विश्वास नाही. नव्या बालवाडीचं जोतं किती उंच घ्यायचं, ते रविवारच्या सभेत ठरणार आहे. गावकमिटीचे हौसेराव म्हणतात एक फूट पुरे, उरलेल्या सिमेंटची कमान उभारू. आमच्या संस्थेतले आशुतोष सर खाडीच्या पाण्याचा अभ्यास करतात. त्यांच्या मते पुढच्या काही वर्षांत उधाणाचं पाणी तिथे तीन फूट चढेल. त्यांचा आलेख मी मागच्या सभेत दाखवला. सगळ्यांनी शांतपणे पाहिला आणि चहा कधी येणार ते विचारलं. तेव्हा मला वाटलं, कागदावरचं भिंतीवर आणावं. (पदवी मिळाल्यापासून मला असं बरंच काही वाटतं.) सोमवारी मी जुन्या बालवाडीवर आणि बारा घरांवर तीन फुटांवर निळी रेघ मारली.

आपल्या गावात रंगाची खूण कधी कोणाच्या भल्यासाठी झालेली नाही, हे मला तेरावी रेघ मारून झाल्यावर आठवलं. आजोबांच्या शेताच्या बांधावरही आधी खूणच आली होती. मग मोजणीवाले आले, मग शेत गेलं आणि कॉलनी उभी राहिली. दुपारपर्यंत गावभर झालं, की रेघ मारलेली घरं सरकार पाडणार आणि पंढरीची भाची सरकारला फितूर. विमलबाईंनी भर रस्त्यात विचारलं, “पोरी, रेघ पान्याची की बुलडोझरची?” पाण्याची म्हटलं तर म्हणाल्या, “मंग पानी येल नि आपली रेघ आपन मारंल. तुला काय कंत्राट दिलंय?”

बहुतेकांनी रेघेवर चुना फासला. हौसेरावांनी मात्र ती पुसून घोट्याएवढ्या उंचीवर नवी काढली. माझ्या आईने आमच्या घरावरच्या रेघेवर कॅलेंडर टांगलं. तारीख बघायला आता उकिडवं बसावं लागतं.

मग मीही संशय घ्यायला शिकले. मंगळवारी बालवाडीपाशी गेले, तर माझी रेघ जागेवर, आणि तिच्यापेक्षा वीतभर उंच दुसरी, हिरवी. गावाने पाणी खाली ढकललं आणि या एकानेच वर चढवलं! सर चिडले, शास्त्रात ढवळाढवळ नको म्हणाले. मग तासभर संगणकापुढे बसले आणि हळूच म्हणाले, उधाणाच्याच दिवशी वरून मोठा पाऊस झाला, तर वीतभर जास्त धरायला हवं. हे कोणाला सुचलं, असं त्यांनी मला विचारलं.

मी कोणाचं नाव घेतलं नाही. मोठ्यांवर आळ घेऊ नये, एवढं मला कळतं. मामींना नमस्कार सांगा.

तुमची,
नमिता

ता. क. तो हिरवा रंग दिवाळ्यात एकाच होडीला आहे. आणि ती होडी नेमकी मंगळवारीच दुरुस्तीला गेली.

आणखी ता. क. रविवारी या, मामा. भाचीची बाजू घेतली असं म्हणतील, तर म्हणू देत. मागे खाडी गावात शिरली तेव्हा पाणी तुमच्या अंगाला कुठवर लागलं, ते मला लहानपणी दाखवायचात, तसंच सभेत उभं राहून दाखवा. गावाला आलेख नको, पाण्यात उभा राहिलेला माणूस हवा. सरांना माणसाची साक्षही चालते, पण सहीसकट. पेन मी आणते. काल बालवाडीतल्या पोरांना भिंतीला टेकवून उभं केलं. माझ्या रेघेच्या वर सगळ्यांची डोकी येतात. तुमच्या रेघेच्या वर एकाचंही येत नाही.

शेवटचं. आईने आज सकाळी कॅलेंडर वीतभर वर सरकवलं. का, विचारलं तर म्हणते, तारीख दिसत नव्हती. मला संशय आहे.