बोटभर लांब

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आई बरी आहे, मी बरी आहे, ढमी बरी नाही. ढमीच्या आजारपणाचा कागद सोबत जोडला आहे. तो वाचण्याआधी कुठेतरी टेकून बस. मी उभ्या उभ्या वाचला आणि गॅरेजातल्या एका जुन्या टायरवर बसायची वेळ आली.

मंगळवारी ब्रेक दाबला तर पाय नेहमीपेक्षा खोल गेला. दुसऱ्यांदा दाबल्यावर लागला. तशीच हळूहळू गाडी चौकातल्या मिस्त्रीकडे नेली. हा मिस्त्री नवीन आहे. जुना गॅरेज विकून लेकीकडे राहायला गेला. हा फार बोलत नाही. दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि नऊ कलमांचं एस्टिमेट हातात दिलं. आपल्या नानांची ही बावीस वर्षांची गाडी, तिच्यात माझा एक अख्खा पगार ओतावा असं त्या कागदाचं म्हणणं आहे. हे योग्य आहे की मला एकटी बाई बघून टोपी घालतोय, ते तू सांग. तुला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतःच बोलतोस, म्हणून पत्र.

तू बस डेपोच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं काढलीस, फोरमन म्हणून निवृत्त झालास. मी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते. ब्रेकबद्दल मला इतकंच कळतं की तो लागला पाहिजे. घाई आईसाठी आहे. दर गुरुवारी खुब्याच्या व्यायामाला तिला हॉस्पिटलात न्यावं लागतं, बसची पायरी तिला चढवत नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की महिनाभर खंड पडला तर पाय आखडेल तो कायमचा. या गुरुवारी भाड्याची गाडी केली. ती इतकी उंच होती की आईला आत बसवताना मी आणि ड्रायव्हर दोघंही घामाघूम झालो, आणि आई मात्र आम्हालाच ओरडत होती.

आणखी एक. आई कित्येक महिने म्हणतेय की हॉस्पिटलच्या फाटकाशी गाडी वळली की तिच्या पायाखाली काहीतरी खरडतं. मला कधी ऐकू आलेलं नाही.

राग त्या कागदावर काढावास, लोभ माझ्यावर ठेवावास.

तुझी,
छोटी

७ जून

चि. छोटीस,
अ. आ.

कागद मिळाला. लाल पेन्सिलीने तपासून परत पाठवत आहे. माझ्या हाताखाली कुणी असं एस्टिमेट केलं असतं तर मी ते त्याच्यासमोर फाडलं असतं.

मागचे ब्रेक लायनर आणि ब्रेक ऑइल बदलणे, हे खरं. त्याला हरकत नाही. इंजिन फ्लश ही शुद्ध बनवाबनवी, बावीस वर्षांच्या इंजिनाच्या पोटात कशाला ढवळाढवळ? शॉकअपबद्दल तूच परीक्षा घे. गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाब आणि सोड. एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक, पाळण्यासारखी झुलत राहिली तर गेले. आणि मजुरी सगळ्यांत मिसळून का लिहिली आहे? सामान वेगळं, मजुरी वेगळी लिहून माग. दुसऱ्या गॅरेजातून एक एस्टिमेट आण. काढलेला जुना भाग हातात घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आता मुख्य चोरी. सातवं कलम वाच: पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक पाइप बदलणे. अगं, तो पाइप तीन वर्षांपूर्वी मी स्वतः बसवला आहे! मूळ मापाचा बाजारात मिळेना म्हणून डेपोच्या व्हॅनचा आणला, मूळच्यापेक्षा चांगला बोटभर लांब, म्हणजे त्याला ताण पडू नये. वीस वर्षं त्याला काही होणार नाही. शितावरून भाताची परीक्षा. जो माणूस धडधाकट पाइप बदलायला सांगतो त्याची बाकीची आठ कलमं काय लायकीची असतील?

आईच्या कानांचं म्हणशील, तर तिला बंद रेडिओतूनही खरखर ऐकू यायची. तिला सा. न. सांग.

आशीर्वाद आहेतच, अक्कल वापरावीस.

तुझा,
दादा

१३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सगळं केलं. दुकानात जायच्या कपड्यांत, भर रस्त्यावर, ढमीच्या चारही कोपऱ्यांवर लोंबकळले. समोरच्या शिंप्याने शिवणयंत्र थांबवून पाहिलं. ढमी एकदा वर येते आणि थांबते. म्हणजे शॉकअप ठीक. तेच मी मिस्त्रीला ठसक्यात सांगितलं, तर तो म्हणाला की आणखी सहा महिने चालतील, विचारलं असतं तर त्यानेच सांगितलं असतं. इंजिन फ्लशचं विचारल्यावर जरा कान खाजवला आणि त्यावर रेघ मारली. म्हणजे तिथे तू जिंकलास. सामान आणि मजुरी त्याने वेगळी करून दिली, न कुरकुरता.

दुसऱ्या गॅरेजातही गेले. त्या माणसाने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. टायरला एक लाथ मारली आणि निम्म्या पैशांत करतो म्हणाला. निम्म्यात काय काय करणार विचारलं तर म्हणाला, सगळं. सगळं म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, बाई, तुम्ही काळजी करू नका. दादा, माझ्या दुकानात कुणी डोळे न तपासता चष्मा स्वस्तात दिला तर मी त्याला काय म्हणेन? तेच मनात म्हटलं आणि परत आले.

राहता राहिलं सातवं कलम. पाइपाचं नाव काढलं की मिस्त्री बदलतो. म्हणाला, बाकी सगळं पुढे ढकला, पण या पाइपासकट गाडी गॅरेजबाहेर जाणार नाही, आणि न्यायचीच असेल तर माझ्या जबाबदारीवर नेते असं सही करून द्या. हा कुणी बसवला, असंही त्याने विचारलं. मी आठवत नाही म्हणाले. फोरमन भावाची अब्रू राखण्यासाठी या वयात खोटं बोलले, याची नोंद घे.

तुमच्या दोघांत माझं मात्र मरण. तू चारशे मैलांवरून छातीठोक सांगतोस, तो चार हातांवरून छातीठोक सांगतो. दोघांपैकी गाडीखाली जाऊन आलेला तोच आहे. हे मी भांडायला लिहीत नाही, नुसतं लिहितेय.

तिसरा गुरुवारही भाड्याच्या गाडीतूनच जाणार असं दिसतं. काल मी विचारलं तेव्हा ड्रायव्हरने खोकला झाल्याचं सांगितलं.

उत्तर लवकर यावं, ओरडा थोडा उशिरा आला तरी चालेल.

तुझी,
छोटी

१७ जून

चि. छोटीस,
अ. आ.

वाचून डोकं फिरलं. हा डाव मला नवा नाही. हे लोक एक फाटका पाइप खुंटीला टांगून ठेवतात आणि येईल त्या गिऱ्हाइकाला तोच दाखवतात. एका पाइपावर घर बांधलेला माणूस मी पाहिला आहे. तुला घाबरवायला सहीचा कागद पुढे केला, आणि तू घाबरलीस.

माझ्या पाइपाची खूण सांगतो. मी हाताने बसवलेल्या प्रत्येक वस्तूवर पंचाने ठोकून दोन ठिपके मारतो, हे डेपोतल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं. उद्या काही झालं तर काम कुणाचं ते कळावं, म्हणून. या पाइपाच्या पितळी टोकावरही ते आहेत. त्याला म्हणावं, ठिपकेवाला पाइप फाटका दाखव. दाखवूच शकणार नाही.

कर सही आणि काढ गाडी. लायनर आणि ऑइल बदलून घे, बाकी एक पैसा देऊ नकोस. आईला त्या पुढच्या सीटवर बसवायला मी भीत नाही, मग तू का भितेस? पस्तीस वर्षं लोकांनी माझ्या शब्दावर बसगाड्या घाटात घातल्या. सख्ख्या बहिणीचा विश्वास आहे की नाही, एवढंच कळव.

दादा

२१ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी सही केली नाही.

तुझं पत्र पर्समध्ये घेऊनच गेले होते. पेन हातात घेतलं, आणि मग वाटलं की ज्याच्यावर सही करायची ते निदान बघावं तरी. मिस्त्रीला म्हटलं, मला गाडीखाली ने. त्याने ढमी लिफ्टवर चढवली, दिवा धरला आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून लॉक केलं. दादा, चाक पूर्ण वळलं की तो पाइप टायरच्या आतल्या बाजूला टेकतो. सरळ असताना टेकत नाही. मी चार वेळा वळवून घेतलं, कारण मला तू चुकलेला नको होतास. हॉस्पिटलच्या फाटकाशी आम्ही असंच पूर्ण वळतो. दर गुरुवारी, जाताना आणि येताना. तिथेच आईच्या पायाखाली खरडायचं.

मी सगळी कामं करून घेतली, सातव्या कलमासकट. फक्त फ्लश आणि शॉकअप नाही. कागदावरची किंमत आता मला योग्य वाटते, आणि हे मी तुला न विचारता ठरवलं, म्हणून तू रागावशील. रागाव. तुझ्यावर माझा विश्वास आहे, पण आई त्या सीटवर बसते.

काढलेला जुना भाग हातात घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असं तूच म्हणालास. घेतला. या पत्राबरोबरच्या पार्सलमध्ये आहे. कुणाचा आहे ते तू ओळखशील. मी मिस्त्रीला अजून काही सांगितलेलं नाही.

तुझीच,
छोटी

२६ जून

चि. छोटीस,
अ. आ.

पाइप मिळाला. टोकावर दोन ठिपके आहेत.

वरचं रबर गेलं आहे, आतला दोऱ्याचा थर दिसतो, आणि त्यातलेही अर्धे दोरे तुटले आहेत. मी तो वाकवून पाहिला तर वाकवलेल्या जागी तेल सुटलं. टेबलावर डाग पडला आहे, तो मी पुसलेला नाही.

पाइप बसवला की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं, हे मी डेपोत प्रत्येकाला शिकवलं. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सर्वांदेखत झापलं. एकाला तर मी त्यापायी महिनाभर बसगाड्या धुण्याच्या कामावर ठेवलं होतं. त्या दिवशी तुझ्या दारात गाडी जॅकवर होती, चाकं सरळ होती, तू जेवायला हाक मारलीस आणि मी उठलो. घरचीच गाडी, असं म्हणालो. लोकांच्या बसगाड्यांसाठी जे केलं ते आईच्या सीटसाठी केलं नाही.

मिस्त्रीचं एस्टिमेट योग्य होतं. त्याला सांग की पाइप तुझ्या भावाने बसवला होता. नाव लपवू नकोस, ठिपके त्यासाठीच असतात. चाक वळवून बघणारा मिस्त्री आहे तो, त्याला सोडू नकोस. फ्लशवर मात्र लक्ष ठेव.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. रेडिओचं मी लिहिलं होतं ते तर मुळीच नको.

माझा लोभ तुला अडचणीचाच झाला, तरी राहू द्यावास.

तुझा,
दादा

३० जून

चि. थोरल्यास,
अ. उ. आ.

छोटीने मला काही सांगितलं नाही, तिला बोल लावू नकोस. पार्सलचा दोरा मी बांधला, आतला पाइप बघूनच. माझ्या डब्यांच्या झाकणांवर लहानपणी दोन-दोन ठिपके मारून ठेवलेस, ते मी अजून रोज बघते. मग हे ओळखणार नाही होय? तुझी पत्रं मात्र मी तिच्या पर्समधून काढून वाचली. रेडिओचंही वाचलं. त्या रेडिओचा आवाज तू नेहमी नुसता बारीक करायचास आणि बंद केला म्हणायचास.

गुरुवारी ढमीतून गेले. फाटकाशी काही खरडलं नाही. पाय बऱ्यापैकी वळतो. डॉक्टरीणबाई जरा रागावल्या, मी त्यांच्यावर रागावले, मग व्यायाम झाला.

पाइपाचं मनाला लावून घेऊ नकोस. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे, तो आता सांगते. तू गेल्या तीन खेपांना आलास ते सगळे दिवस गाडीखाली होतास. मी खुर्ची दारात ओढून बसायचे आणि मला तुझे पाय दिसायचे. चहा दिला तर हात बाहेर यायचा. जाताना घाईत पाया पडलास तेव्हा मान खाली. तीन वर्षांत मी तुझं तोंड धड बघितलेलं नाही.

गाडीला आता मिस्त्री आहे. तू ये, आणि माझ्यासमोर बस.

तुझी,
आई