हळदीच्या रानात ओन्ली इंग्लिश

१३ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. वर्षाचे पहिले बारा दिवस विचार करण्यात गेले. विचार न करता लिहिणारे लोक हिंगोलीत पुष्कळ आहेत, त्यात भर नको.

आनंदाची बातमी. नांदेडच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी विद्यार्थी आले आहेत. डिग्रीच्या आधी वर्षभर त्यांना इंग्रजी शिकायचे आहे. दर रविवारी त्यांना खेड्यात न्यायचे आणि हिंडता हिंडता इंग्रजी बोलायला लावायचे, असा प्रस्ताव मी पाठवला होता. तिथल्या निता मॅडमचा आज फोन आला. तीन ट्रिपा ट्रायल. जमले तर वर्षभराचे काम.

जमले तर म्हणे! अठरा वर्षे मी हिंगोलीला इंग्रजी शिकवतो आहे. हिंगोली शिकली नाही, हा हिंगोलीचा दोष.

१५ जानेवारी, बुधवार

हॉलचे मालक कय्युमभाई क्लासवर आले. म्हणाले, सर, पोरं तर चारच दिसून राहिली. रमजान लागायच्या आधी हॉलचं बराबर काय ते सांगा, मला दुसऱ्या कामाला पाह्यजे. चार नाहीत, पाच आहेत. पाचवा वायफायसाठी येतो म्हणून तो काय विद्यार्थी नाही?

त्यांना ट्रिपांचे सांगितले आणि बोलता बोलता त्यांचेच शेत मिळवले. वारंगा फाट्याहून आत आहे. हळद काढणीला आली आहे. त्यांची आई मदीनाबी आणि मुलगी माहेनूर तिथेच राहतात. याला म्हणतात धोरण.

करुणाला सांगितले. बायको असली तरी ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिला फक्त आजारी माणसे कळतात. म्हणाली, अहो, पण नाही जमलं तर? मी म्हणालो, निगेटिव्ह बोलू नको. बरं म्हणाली आणि ड्यूटीला गेली.

नाही जमले तर क्लासचा बोर्ड उतरेल आणि मी मेव्हण्याच्या खताच्या दुकानात बसेन. पण हे लिहायचीसुद्धा गरज नाही, कारण जमणारच आहे.

२० जानेवारी, सोमवार

बॅनर आला. सोनेरी केसांचे एक गोरे कुटुंब शेतात हसत उभे आहे. पीक गव्हाचे आहे, हळदीचे नाही, पण परदेशी माणसाला काय कळते. ड्रायव्हर अफरोजच्या जीपला लावला. अफरोज म्हणाला, सर, ही मानसं बिनचपलीची रानात काहून हिंडून राहिली, काटा भरंल की. असले प्रश्न पडतात म्हणून माणूस ड्रायव्हर राहतो.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन उरकून शेतावर. गावकऱ्यांचे ट्रेनिंग. कय्युमभाईंच्या घरची मंडळी, शेजारच्या रुख्मिणीबाई आणि हळदीवर कामाला येणाऱ्या बाया, सगळ्यांना झाडाखाली बसवले आणि नियम सांगितले.

शेतात ओन्ली इंग्लिश. ज्याला येत नाही त्याने गप्प बसायचे आणि मंद हसायचे. आणि पर्सनल प्रश्न बंद. आपल्या लोकांची ही फार घाणेरडी खोड. माणूस दारात आला की सुरू: गाव कोणतं, घरी कोण कोण, लग्न झालं का, लेकरं किती, पगार काय. परदेशात याला चौकशी म्हणत नाहीत, असंस्कृतपणा म्हणतात. तिकडे शेजारी मेला तरी न विचारता राहतात.

मदीनाबी म्हणाल्या, पाव्हणे दारात आले अन् आमी तोंड शिवून बसायचं व्हय? मी म्हणालो, हो, फक्त दिवसभर. त्या म्हणाल्या, लई तकलीफ हाय बाबा ही. पण कबूल झाल्या.

माहेनूर कळमनुरीला बी.ए. करते. म्हणाली, सर, मला थोडं थोडं येतं, मी बोलू का त्यांच्याशी? दोन वाक्ये बोलायला लावली. दोन्ही चुकीची. तिला चहाकडे ठेवले आहे.

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ६

ट्रिप पहिली. गळ्यात अडकवायचा लाउडस्पीकर चार्ज केला. भाषण तयार: ‘खेडे: एक परिचय’, भाग एक ते सात. इतिहास घडणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी

घडला.

इन्स्टिट्यूटची बस फाट्यावर आली. अकरा जण. सुदान, इथिओपिया, येमेन, मोझांबिक. सोनेरी केसांचे एकही नाही. निता मॅडमनी हे आधी सांगायला हवे होते. इथिओपियाच्या सेलम नावाच्या मुलीने जीपवरचा बॅनर पाहिला आणि ते लोकही येणार आहेत का, असे विचारले. मी विषय बदलला.

शेतावर मात्र माझ्या ट्रेनिंगचे सोने झाले. सगळ्या बाया सतरंजीवर डोक्यावर पदर घेऊन ओळीने बसल्या होत्या. हूं नाही की चूं नाही. मंद हसायचे विसरल्या, पण तेवढे चालते. ते पाहून विद्यार्थीही खाली मान घालून समोर बसले. मी भाग एक ते चार वाचले. पान हलण्याचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता. अठरा वर्षांत माझ्या क्लासला ही मिळाली नाही.

मग सुदानच्या उस्मानने दोन्ही हात वर करून काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. मदीनाबींनीही हात वर केले. पाठोपाठ बाकीच्यांनी. रुख्मिणीबाईंनी हात जोडले. एक दोघांचे डोळे भरून आले. भाग चार प्रभावी आहे हे मला माहीत होते, पण इतका?

निघताना प्रत्येकाने छातीवर हात ठेवून मदीनाबींचा निरोप घेतला. शेतावर दिवसभरात कोणी इंग्रजीचा एक शब्द बोलले नाही. पण चुकीचा शब्दही कोणी बोलले नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

निता मॅडमचा फोन. परतताना मुले बसमध्ये अगदी गप्प होती म्हणे. आणि बोलण्याचे काय, असे त्यांनी विचारले. मी समजावले, मौन ही भाषेची पहिली पायरी आहे. त्यांनी फोन ठेवला. पटले असणार.

९ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी

ट्रिप दुसरी. आज मन ठिकाणावर नाही, म्हणून क्रमाने लिहितो.

पोरे बसमधून उतरली ती साखरेचे पुडे आणि केळी घेऊन. सेलमने डोक्यावरून पांढरी ओढणी घेतली होती. आदर वाढतो आहे असे वाटले. भाग पाच सुरू करतो तोच लाउडस्पीकर बंद पडला. शेतात लाइट नव्हती. अफरोजला घेऊन फाट्यावर गेलो, एका दुकानात स्पीकर चार्जिंगला लावला आणि वाट बघत भजी खाल्ली. यात माझी काय चूक?

परतलो तर रस्त्यापासूनच हसणे ऐकू येत होते. शेतात जत्रा भरल्यासारखा गोंधळ. मागे काय झाले ते माहेनूरने सांगितले, तेही हसत हसत.

उस्मानने साखरेचा पुडा मदीनाबींच्या हातात दिला आणि इंग्रजीत विचारले, आई, तुमच्या घरी कोण वारले? मागच्या रविवारी सगळ्या बाया तशा बसलेल्या पाहून या अकरा जणांनी घरात मयत झाली आहे असेच धरले होते. ते हात वर करणे म्हणजे मेलेल्यासाठी दुआ होती. साखर सांत्वनाची होती. माहेनूरने आजीला अर्थ सांगितला. मदीनाबी आधी घाबरल्या, मला न सांगता कोन गेलं म्हणाल्या. मग त्यांच्या ध्यानात आले. म्हणाल्या, अरे लेकरा, कुनी न्हाई मेलं! सरांनी बोलू नका म्हनलं म्हून आमी गप व्हतो!

झाले, धरण फुटले. मी पोचलो तेव्हा सगळे ओल्या हळदीच्या ढिगाभोवती बसले होते. बाया गड्ड्यांपासून हळकुंडे मोडत होत्या, आणि पाहुणेही मोडत होते, हात पिवळे करून. आणि बंद केलेला एकूण एक प्रश्न चालू होता. रुख्मिणीबाईंनी सेलमला लग्नाचे विचारले. नाही म्हटल्यावर काहून न्हाई, कोन पाहून राहिलं, पोरगं कसं पाह्यजे. माहेनूर मोडक्या इंग्रजीत सांगे, सेलम त्याहून मोडक्या इंग्रजीत उत्तर देई. मागच्या ट्रिपला जिने एक प्रश्न विचारला होता, ती मुलगी तास तास बोलत होती.

उस्मानला मदीनाबींनी विचारले, मायबाप कुठं असतात? तिकडे लढाई चालू आहे. आईचा फोन लागत नाही, महिने झाले. हे सांगताना त्याने क्रियापदे सगळी चुकवली. मी मनात चुका मोजत होतो. मग मोजायचे राहून गेले. मदीनाबींनी त्याचा पिवळा हात धरून ठेवला होता आणि तो बोलतच होता. नांदेडला येऊन सहा महिने झाले, हे मला कोणी विचारलं नव्हतं, असे तो म्हणाला.

मी चार्ज केलेला लाउडस्पीकर घेऊन उभा होतो. भाग पाच राहिला.

१० फेब्रुवारी, सोमवार

रात्रभर विचार केला. शिस्त मोडली, हा एकच मुद्दा आहे. सोमवारपासून, म्हणजे पुढच्या, कडक धोरण.

शिवाय नीट पाहिले तर काल मुले बोलली ती माझ्यामुळेच. आधी मी त्यांना गप्प केले नसते तर गैरसमज झाला नसता. गैरसमज झाला नसता तर बोलणे निघाले नसते. म्हणजे पद्धत माझीच.

१६ फेब्रुवारी, रविवार

ट्रिप तिसरी. भाग पाच, सहा आणि सात एकदमच वाचायला घेतले. येमेनचा एक मुलगा उठून आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, सर, आवाज कमी कराल का, आजीचं ऐकू येत नाही.

जीपमध्ये जाऊन बसलो. अफरोज घोरत होता. जगात सुखी कोण, तर ज्याला काही येत नाही तो.

निता मॅडम स्वतः आल्या होत्या. ढिगाजवळ बसून व्हिडिओ काढत होत्या. जाताना माहेनूरचा नंबर घेतला. चहाच्या व्यवस्थेसाठी असेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

विजय! वर्षभराचे काम मंजूर. निता मॅडमचा मेसेज आला. करुणाला दाखवला, मेव्हण्याला पाठवला, क्लासमध्ये पेढे वाटले. वायफायवाल्याने दोन घेतले. नवा बोर्ड टाकायला सांगितला, आधीपेक्षा मोठा.

मेसेजमध्ये पुढे आहे: ‘शेतावरचे काम माहेनूर पाहतील, गाडी थेट जाईल, तुम्हाला यायची तसदी नको.’ बरोबरच आहे. डायरेक्टरने उन्हात का हिंडायचे?

२३ फेब्रुवारी, रविवार

अफरोज सकाळी जीपचा बॅनर परत द्यायला आला. म्हणाला, सर, मॅडम म्हनल्या हे गोरे काढून टाका. आज ट्रिप हाय, तुमी काहून घरी? मी म्हणालो, मी वरून पाहतो. त्याने छताकडे पाहिले.

निता मॅडमना फोन केला. अतिशय गोड बोलल्या. ओळख करून दिल्याबद्दल आभार म्हणाल्या. माझा हुद्दा काय, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, सर, मुलांना भाषण नको, कोणीतरी विचारणारं हवंय.

म्हणजे हुद्दा नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कय्युमभाई आले. खाली बघत बोलले. सर, तीन ट्रिपांत माझ्या पोरीचं नाव झालं. ईदनंतर ती हितं बोलायचा क्लास घेनार. मी म्हणालो, घ्या, घ्या, हॉल काय, पुष्कळ आहेत.

दुपारी बोर्ड उतरवला. वायफायवाल्यानेच शिडी धरली. उतरवलेला बोर्ड भिंतीला टेकवून बराच वेळ बसलो. फार वाईट वाटले. हे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

मेव्हण्याचा फोन आला, कधी येता. उचलला नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

माहेनूर घरी आली होती. सर म्हणूनच बोलली, हे कबूल केले पाहिजे. म्हणाली, सर, माझं ग्रामर कच्चं हाय, तुमी ईदनंतर शिकवायला येता का? पन माझ्या क्लासात भाषन न्हाई. सरांनी विचारायचं, पोरांनी बोलायचं.

मी म्हणालो, त्यात काय, विचारणे सगळ्यात सोपे. ती म्हणाली, मग मला विचारा की काही. मी म्हणालो, प्रश्नांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. ती म्हणाली, सर, हे सांगनं झालं. मी पुन्हा सुरुवात केली. ती म्हणाली, हेबी सांगनंच. मग ती समोर बसून वाट बघत होती. बी.ए.ला असलेल्या मुलीला विचारण्यासारखे हजार प्रश्न असतात. एक सुचेना. अठरा वर्षे समोर मुले बसली होती, त्यातल्या कोणाला काही विचारल्याचे आठवेना.

जाताना म्हणाली, घरी कुनाला तरी रोज एक खरंखुरं विचारत जा सर, सवय व्हईल. सवय लागली की या.

चार बुके शिकलेली पोर मला गृहपाठ देते! मी हा गृहपाठ करणार नाही. खताचे दुकान परवडले.

१ मार्च, शनिवार, संध्याकाळी ७

केला. फक्त तो किती फालतू आहे हे सिद्ध करण्यासाठी.

करुणा ड्यूटीवरून आली. मी दारातच उभा होतो. विचारले, आजचा दिवस कसा गेला तुझा? दवाखान्यात काय काय झालं?

तिने पर्स खाली ठेवली. माझ्याकडे पाहिले. मग जवळ येऊन कपाळाला हात लावला, गळ्याला लावला, कधीपासून असं होतंय म्हणाली. मी म्हणालो, काही झालेले नाही, सहज विचारले. तिने मला कॉटवर बसवले आणि काखेत थर्मामीटर लावला.

ताप नाही. तरी एक गोळी दिली आणि आज लवकर झोपा म्हणाली.