हस्ताक्षराचा एक मार्क

४ सप्टेंबर

त्रेचाळीस.

शंभरपैकी! आधी वाटलं पन्नासपैकी असतील. मग पानं उलटून पाहिली, पुढे कुठे आणखी मार्क लिहिलेत का. नाहीत. कोपऱ्यात पेन्सिलीनं, बारीक — ४३.

आणि तेही इतिहासात. शाळेत मला इतिहासात ब्याण्णवच्या खाली कधी मिळालेच नाहीत. शिकवायला बाबाच होते. वर्गात त्यांना सर म्हणायचं, घरी बाबा. मुलगी म्हणून अर्धा मार्कसुद्धा सैल सोडला नाही त्यांनी. सगळ्यांना द्यायचे तो एक मात्र मलाही मिळायचा — शेवटच्या पानावर लाल पेनानं '+१', हस्ताक्षराचा. ज्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्यांनाही. एवढं लिहिलंय बिचाऱ्यानं, म्हणायचे.

प्रश्न होता, कारखाने आले तेव्हा लोकांनी गावं का सोडली. मी अकरा कारणं दिली. अकरा! प्रत्येकाला मथळा, मथळ्याखाली पट्टीनं रेघ, शेवटी 'अशा प्रकारे आपल्याला दिसून येते की'. बाबांनी शिकवलं तसं, तंतोतंत. इथल्या कॉलेजच्या मॅडमनी समासात एवढंच लिहिलंय — "यातलं मुख्य कुठलं? तुला तसं का वाटतं?"

मला कशाला काय वाटायला पाहिजे? मी काय तिथे होते?

६ सप्टेंबर

जेवले नाही. मेसमध्ये पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

१० सप्टेंबर, रविवार

बाबांचा फोन. पहिला पेपर मिळाला का? मी म्हटलं, अजून तपासून झाले नाहीत. त्यांना लगेच मॅडमचीच दया आली. बाबांकडेही दोन वर्गांचे गठ्ठे पडलेत म्हणे. हे शेवटचं वर्ष त्यांचं. उन्हाळ्यात निवृत्त. एकतीस वर्षं.

मार्कांबद्दल बाबांशी खोटं बोलायची ही पहिलीच वेळ. सहावीत असताना एका मुलानं प्रगतिपुस्तकात एकतीसचे एक्याऐंशी केले होते. खोडरबर, मग वरून निळं पेन. बाबांनी ते घरी आणून मला दाखवलं. पान खिडकीपाशी आडवं धरायचं, उजेड बाजूनं येऊ द्यायचा, की खोडलेलं दिसतं. दाब राहतो कागदावर. मुलाला रागावले नाहीत, नुसतं दाखवलं. तो रडला. मला तेव्हा भारी मजा वाटली होती.

२० सप्टेंबर

धीर करून मॅडमना भेटले. छोटीशी खोली, खुर्चीवरसुद्धा पुस्तकं. ती उचलून मला बसवलं. माणूस वाईट नाही. वाईट असत्या तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या.

इथली मोजपट्टी वेगळी आहे म्हणाल्या. पंचावन्न म्हणजे चांगलं. साठ म्हणजे खूपच चांगलं. सत्तर त्यांनी नऊ वर्षांत दोनदा दिलेत. त्रेचाळीस म्हणजे मी मूर्ख असं नाही, मेहनत दिसतेय, पण ती सगळी लक्षात ठेवण्याची मेहनत आहे. पेन्सिलीनं का तपासता, असं मी उगाचच विचारलं. तर म्हणे, माझं मत चुकीचं असू शकतं.

बाबांनी पेन्सिल कधी वापरली नाही.

बाहेर येऊन बाथरूममध्ये रडले. नळ सोडून.

५ ऑक्टोबर

दुसरा पेपर. सेहेचाळीस. तीन मार्कांची प्रगती! ह्या वेगानं साठीपर्यंत पोचायला म्हातारी व्हावं लागेल.

उंटिणीला एकसष्ट. (होस्टेलवर माझ्या खोलीतली. उंच आहे, मनातल्या मनात हेच नाव पडलंय.) तिचा पेपर जेमतेम पाच पानं, माझा चौदा. तिनं माझा मागून घेतला, नीट वाचला, आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "तुला असं लिहायला कोणी शिकवलं गं?"

शाळेत, म्हटलं. बाबांनी, असं तोंडातून निघालं नाही. मला बाबांची लाज वाटली. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार.

८ ऑक्टोबर, रविवार

केलं मी. करून बसले.

फोनवर बाबा म्हणाले, मार्क लागले असतील आता, सांग ठमे. ठमे म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. त्रेचाळीस, सेहेचाळीस, सगळं सांगून टाकलं. मी थांबायला हवं होतं. थांबले नाही.

"तुम्ही मला खोटे मार्क दिलेत, बाबा. सगळ्यांनाच दिलेत."

मग त्यांनी विचारलं, प्रश्न काय होता? मी पहिल्या पेपरचा प्रश्न सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला, पेन चालल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा वाचून दाखवला, बरोबर आहे ना म्हणून. आणि फोन ठेवला.

आईचा नंतर फोन. काय बोललीस त्यांना? जेवता जेवता उठून गेले.

१९ ऑक्टोबर

बाबांचं पाकीट आलं. मला वाटलं रागाचं पत्र असेल. तर आत बारा पानं. त्याच प्रश्नाचं उत्तर! स्वतः सोडवलंय. आखीव कागद, समास, मथळ्यांखाली रेघा. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसानं परीक्षेला बसावं तसं. सोबत चिठ्ठी:

"तुझ्या अक्षरात उतरवून मॅडमना दे. माझं नाव सांगू नकोस. चूक तुझी की माझ्या शिकवण्याची, ते मला निवृत्त होण्याआधी कळायला हवं. मार्क कळव."

२१ ऑक्टोबर

दिवसभर उतरवून काढत होते. पहिल्या पानावरच हात थांबला. 'प्राचीन काळापासून मानव' — माझीही सुरुवात हीच. चौथं कारण, तेच. उदाहरण, तेच. शेवटी 'अशा प्रकारे आपल्याला दिसून येते की'. माझाच पेपर आहे हा. नाही, माझा पेपर त्यांचा होता.

त्यांची कारणं तेरा आहेत. माझ्यापेक्षा दोन जास्त शोधली. मला इतकं रडू आलं ना त्या दोन कारणांचं.

मॅडमना दिला. सरावाचा आहे म्हटलं. इथेही खोटंच.

३० ऑक्टोबर

एकोणचाळीस.

खाली पेन्सिलीनं: "खूप वाचलंय आणि मनापासून लिहिलंय. पण हे लिहिणाऱ्याला 'तुला काय वाटतं' असं आजवर कुणी विचारलेलं दिसत नाही."

मॅडम म्हणाल्या, मागे गेलीस गं, काय झालं? मी म्हटलं, तब्येत बरी नव्हती.

५ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून फोनकडे बघत होते. वाजला तेव्हा खरंच खरं सांगायचं ठरवलं होतं. पण बाबांनी नेहमीचं काही विचारलंच नाही. ना जेवलीस का, ना थंडी आहे का. नुसतं, "लागला निकाल?" शाळेतली पोरं विचारतात तसा आवाज.

"अठ्ठावन्न," मी म्हटलं.

मग मीच बडबडत सुटले. पंचावन्नला इथे चांगलं म्हणतात, अठ्ठावन्न म्हणजे फारच झाले, मॅडमनी विचारलं कसं काय जमलं. बाबांनी मोठा श्वास सोडला, मला ऐकू आला. मग हसले. म्हणजे शिकवण्यात खोट नाही, तुझ्याच अभ्यासात ढिलाई आहे, ठमाबाई! मी म्हटलं, हो बाबा, ढिलाईच आहे.

आणि शेवटी, पेपर पाठवून दे म्हणाले. शिक्षकांच्या खोलीत दाखवायचाय.

६ नोव्हेंबर

खोडला. पेन्सिल आहे, लगेच गेलं. ३९ गेलं, खालची ओळही गेली. वर ५८ लिहिलं, मॅडमसारखं बारीक. खाली 'चांगला प्रयत्न'.

पण आज एक कळलं. बाबा तो एक मार्क का देत होते, ते. समोरच्याचं तोंड पडलेलं बघवत नाही म्हणून. मी तर एकोणीस दिले.

पोस्टात टाकला.

१३ नोव्हेंबर

तिसरा पेपर. सत्तावन्न. माझे, खरे.

एकच कारण घेतलं यावेळी. पाच पानं त्याच्याच मागे लागले, हेच का आणि दुसरं का नाही. मथळे नाहीत, रेघा नाहीत. मॅडमनी लिहिलंय, "आता तू बोलते आहेस." उंटिणीनं मला उचलून गरकन फिरवलं.

बाबांनी शिकवलेलं एकेक बाजूला ठेवलं आणि मार्क वाढले. कोणाला सांगू हे? ज्यांना सांगायचं त्यांना मी अठ्ठावन्न सांगून बसलेय. त्यांच्यापेक्षा एक कमीच पडलाय मला, त्या हिशेबानं. बरंच झालं.

१९ नोव्हेंबर, रविवार

बाबांचा फोन नाही. मी केला तर आईनं उचलला. शाळेचं काम आहे म्हणे. रविवारी?

२४ नोव्हेंबर

बाबांचं पाकीट. आत तोच पेपर.

माझ्या अठ्ठावन्नवर लाल काट. शेजारी ३९. आणि मी खोडलेली मॅडमची ओळ त्यांनी लाल पेनानं गिरवून परत उमटवलीय, एकेक अक्षर, कुठेही चुकलेली नाही. खिडकीपाशी किती वेळ बसले असतील. ओळीखाली लिहिलंय, "खरं आहे. मला कुणी विचारलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नाही."

शेवटच्या पानावर नेहमीच्या जागी, '+१. अक्षर तुझं आहे, मार्क तुझा.'

पाकिटाच्या तळाशी त्यांचं लाल पेन होतं. आईला फोन केला. ती म्हणाली, सोमवारपासून शाळेत गेलेच नाहीत.