नालीचं पाणी आणि बाळाची वाकळ

आखाडा बाळापूर,
मे १९७६

ती. ताराक्कास,

विजीचा सप्रेम जयभीम. लालसिंग दाजींना जयभीम आणि रामराम दोन्ही, त्यांना हवा तो ठेवून घेऊ दे. तुझे पाय अजून सुजतात का? सातवा लागला की पाय उशीवर घेऊन निजावं, असं आई सांगते. (हे ती रोज भिंतीकडे बघून सांगते. तू लमाणांच्या तांड्यातल्या मुलाशी लग्न केलंस त्याला दोन वर्षं झाली, तरी दादांसमोर त्यांच्याच लेकीचं नाव घ्यायची अजून चोरी आहे.) बाळ यायच्या आत दादांनी एकदा तरी तुझं नाव घ्यावं, एवढीच आस धरून मी सुट्टीत आले. वरकरणी मात्र नालीचं पाणी न्यायला आले.

हसू नकोस. पुण्याला मी ज्या विषाणूंचा अभ्यास करते ते जंतूंवर जगतात. आपल्याला जंतू छळतात, जंतूंना हे छळतात, असा न्याय आहे. घाण पाण्यात ते भरपूर सापडतात, आणि हे वैभव आपल्या गावात मुबलक. म्हणून बाजारातली नाली, आपल्या वस्तीतली नाली, नदीकाठचं डबकं, सगळीकडे वाकून बाटल्या भरल्या. (दुकानातून पुनमचंद शेठने विचारलंच, "काहून, पुन्याला नाल्या न्हाईत का?") बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवून त्या माठाशेजारी गारव्याला ठेवल्या आणि कळमनुरीला मावशीकडे जाऊन आले. परत येऊन बघते तर बाटल्या लख्ख! आईने पाणी ओतून दिलं होतं, बाटल्या राखेने घासल्या होत्या आणि विहिरीचं पाणी उकळून, गाळून भरलं होतं. चिठ्ठ्या तेवढ्या भाताच्या शिताने पुन्हा जागच्या जागी चिकटवलेल्या. "आमच्या गावचं असलं पानी पुन्याला दावतीस व्हय? लोकं काय म्हनतील?" मी तिथेच भोकाड पसरलं. एम.एस्सी. झालेली पोरगी नालीच्या पाण्यासाठी रडते, हे बघायला शेजारच्या केशरबाई पदर खोचून आल्या.

दादांनी शिलाई मशीन थांबवलं. असं काय सोनं होतं त्या पाण्यात, म्हणाले. आता आली का पंचाईत! आई जुने तुकडे जोडून तुझ्या बाळाची वाकळ शिवत बसली होती, त्या वाकळीचाच आधार घेतला. म्हटलं, एकाच जंतूत दोन निराळे विषाणू एका वेळी शिरले, तर आत त्यांच्या जनुकांच्या धाग्यांची तुकड्या-तुकड्यांनी अदलाबदल होते. बाहेर पडणाऱ्या पिल्लाचं डोकं एकाचं, शेपूट दुसऱ्याचं, असंही होतं. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललेलं. म्हणून दोन नाल्यांतले दोन विषाणू घेतले, तर पुष्कळदा ते पुरते सारखे नसतात आणि पुरते परकेही नसतात. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली दोघांचे धागे एकमेकांवर बसवले, की जुळतं तिथे चिकटतात आणि जुळत नाही तिथे झोळ येतो. झोळ म्हटल्यावर दादांनी मान हलवली, तो त्यांचा प्रांत.

"मंग त्याच्यातलं अस्सल कोन्तं?" आईने विचारलं. मी म्हटलं, असं कोणतंच नाही. सगळे जोडून झालेले, आणि म्हणूनच इतक्या तऱ्हांचे. केशरबाईंना काही पटलं नाही, त्या चुलीवर भाजी असल्याचं सांगून गेल्या. दादा मात्र वाकळीकडेच बघत होते. "मधी जागा काहून सोडली?" अक्का, आपल्या घरी बाळाची पहिली वाकळ दोन्ही घरच्या जुन्या कापडांची होते, हे त्यांना काय ठाऊक नाही? आईने सुई थांबवली नाही. "तिकडच्या घरची जागा हाय ती," म्हणाली. या घरात 'तिकडचं घर' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. आता उठून जाणार, असं वाटलं, आणि ते खरंच उठले. बाटल्या घेऊन गेले.

तुझा बाप इस्त्रीचा सदरा घालून बाजारातल्या नालीवर वाकला होता गं! शेठने विचारलं तर "लेकीला पायजे," एवढंच. सगळ्या बाटल्या भरून आणल्या, पण कोणती कुठली ते विसरले. मी कपाळाला हात लावला तर मलाच म्हणतात, "तूच म्हनली ना, समदे एकमेकांचेच हायेत?" मग पेटी उघडली. छप्पन साली नागपूरला दीक्षेच्या दिवशी घातलेला पांढरा सदरा काढला, जो ते कुणाला हातही लावू देत नाहीत. त्याची पाठ त्यांनी स्वतःच्या कात्रीने कापली आणि आईपुढे ठेवली. "ताराच्या लेकराला मऊ लागंल." तुझं नाव घेतलं, अक्का. मी पुन्हा रडले, आणि या वेळी केशरबाई नव्हत्या म्हणून पोटभर रडले.

जिवाला जप. पाय उशीवर.

तुझी,
विजी

ता. क. पांढऱ्या तुकड्याशेजारची जागा अजून रिकामी आहे. तुझ्या सासूबाईंची, पारुबाईंची, एखादी जुनी ओढणी पोस्टाने पाठव. हे पत्र खरं तर त्यासाठीच. आई म्हणते, आरसे उसवून पाठवा, लेकराला टोचतील.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करत होते, तेवढ्यात दादांनी मागून वाचलं. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते : "पोस्टानं नको. इहीनबाईनं सोता घेऊन यावं, तारालाबी आनावं. आन् आरसे तसेच ऱ्हाऊ द्या म्हनावं, उसवायचं मी बघतो."

'इहीनबाई' हा शब्द त्यांचा आहे, मी घातलेला नाही.