कधीच न मरणारा गडी

चिंचवड, रविवार, २ डिसेंबर १९५६

कारखान्याच्या हुतूतू संघात चढाईसाठी एकच जागा उरली होती. सदू की इब्राहिम, ते मला ठरवायचं होतं. इब्राहिम दोघांना मारून येतो, पण तिसऱ्या खेपेला हमखास धरला जातो, म्हणजे मेलाच. सदू वर्षभरात एकदाही मेला नाही. मी सदूला घेतलं.

इब्राहिम एवढंच म्हणाला, "भाऊ, सदू मरत न्हाई, खरं हाय. पण त्यानं मारलं कुणाला?"

संध्याकाळभर तेच डोक्यात. सदू जातो, चार पावलांवरून शाबूत परत येतो. एकदाही मेला नाही, हे काय थोडं झालं? कंटाळलो बुवा.

जेवताना हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्यासारखाच की."

हिला हुतूतूतलं काही कळत नाही.