तीन मात्रांतला राष्ट्रद्रोह

पॅरिस, ता. ५ फेब्रुवारी १८८९

ती. एर्मांसताईस,
इसिदोरचा शि. सा. न. वि. वि.

ताई, आधी खाली बस. बसलीस? तुझा भाऊ बँडमास्तर झाला! परवापर्यंत लष्करी गार्डच्या बँडात तिसऱ्या रांगेत कॉर्नेट फुंकत होतो, आणि आज माझ्या हातात चांदीच्या मुठीची काठी आहे.

झालं असं, की जनरल व्होद्रे पांढऱ्या घोड्यावर बसून थेट लोकसभेच्या पायऱ्या चढले. सभासद खिडक्यांतून बाहेर पडले. एक जाडे गृहस्थ अडकले, त्यांना शिपायांनी अगदी अदबीने मागून ढकललं. जनरल म्हणाले की प्रजासत्ताक फार दमलंय, त्याला विश्रांती हवी, ते उठलं की निवडणुका घेऊ. लोकांनी टोप्या उडवल्या. मीही उडवली, खाली येताना दुसऱ्याचीच डोक्यावर पडली, माझ्यापेक्षा चांगली!

आमचे म्हातारे लांतेल्ममास्तर मात्र काठी खाली ठेवून म्हणाले की टाळं लावलेल्या सभेसमोर मी वाजवत नाही. त्यांना लगेच गाडीत घालून समुद्रकिनारी विश्रांतीला पाठवलं. मग गार्डच्या साहेबांनी विचारलं की काठी कुणाला हलवता येते. मी नवी टोपी सावरायला हात वर केला, आणि नेमणूक झाली!

दाजींना नमस्कार, भाच्यांना पापे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
इसिदोर (बँडमास्तर!)


मोर्व्हो, ता. २० फेब्रुवारी

चि. इसिदोर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बँडमास्तरसाहेब, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि गाईलाही वाचून दाखवलं. तिने फारसं मनावर घेतलं नाही.

तुझे दाजी चीजच्या कढईपाशी होते. ते म्हणाले की ज्याच्या दाराशी शिपाई उभा असतो, त्याच्या झोपेला विश्रांती म्हणत नाहीत. मग आपला तो पितळी वाजवायचा भोंगा उचलून तालमीला गेले. आमचा अकरा जणांचा बँड अजून तसाच आहे, म्हणजे भयंकर.

इथे महापौरांना घरी बसवून एक कर्नल आलाय. बरोबर बायको आहे, गोरीपान, पण कुणाशी बोलत नाही. कर्नल तिला पहाऱ्याशिवाय बाहेर सोडत नाही म्हणे.

एक विचारते. लांतेल्ममास्तर नेमके कुठल्या किनाऱ्यावर आहेत? त्यांच्या घरी तू चार वर्षं जेवलास रे. पत्ता कळव, लोकरी मोजे पाठवते.

जपून राहा, आणि आठवण ठेवून लिहीत जा.

तुझी,
ताई


पॅरिस, ता. २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, मी चाल बांधली! ‘जनरलची कूच’! खुद्द जनरलनी ऐकली आणि माझ्या गालावर थोपटलं. त्यांच्या हातमोज्यांना लॅव्हेंडरचा वास येतो. आता दर रविवारी दुपारी बारा वाजता देशभर गावोगाव ती वाजणार, लोकांनी टोप्या काढून उभं राहायचं. आणि एकदा सुरू झाली की मध्येच थांबवायची नाही; थांबवणारा कर्नल असो की बिशप, तुरुंगात! दाजींना सांग, स्वरलिपी पाठवतोय, भोंग्याने तिचा खून करू नका.

लांतेल्मबाई आल्या होत्या. मी म्हणालो की मास्तर विश्रांती घेताहेत. त्यांनी सगळ्या बँडसमोर माझ्या मुस्काटात मारली. आमच्या ढोलवाल्याने सवयीने त्यावर एक ठोकाही दिला. कचेरीत पत्ता विचारला, तर म्हणाले, पुन्हा विचारू नका. मग नाही विचारला.

गाल अजून गरम वाटतो. असो. लोभ ठेव, रागावलीस तरी.

तुझा,
इसिदोर


मोर्व्हो, ता. २१ मे

चि. इसिदोर यास,
अनेक आशीर्वाद.

हसू की रडू कळत नाही. या महिन्याच्या पहिल्या रविवारी इथे तुझी कूच वाजली. आमच्या ढोलवाल्या गास्पारला वॉल्ट्झखेरीज, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाखेरीज, काही येत नाही, हे तुला माहीतच आहे. त्याने एक-दोन-तीन धरलं, त्याच्यामागे दाजींचा भोंगा, भोंग्यामागे सगळे! आणि इसिदोर, काय सुरेख वॉल्ट्झ झाली रे! आधी लोहार हलला, मग पाद्रीबुवांची स्वयंपाकीण, मग सगळा चौक गरगर. कर्नल सज्जातून लालबुंद होऊन पाहत राहिला. थांबवता येईना ना!

संध्याकाळी दाजींना धरून नेलं. आरोप: तीन मात्रांत राष्ट्राचा अपमान. गास्पार म्हणाला की चूक माझी, तर त्यालाही आत घातलं. आता शेजारच्या सात गावांत तुझी कूच अशीच वाजते.

ता. ११ जूनला सुनावणी आहे. अपमान झाला की नाही हे ठरवायला पॅरिसहून तज्ज्ञ येणार आहे. दाजींना पाच वर्षं होतील म्हणतात. तिथे कुणी ओळखीचं असेल तर शब्द टाक. मुलांना मी सांगितलंय की बाबा तालमीला गेलेत.

तुझी,
ताई


पॅरिस, ता. १ जून

श्रीमती एर्मांस ग्रोपेरँ यांस,

सरकारी तज्ज्ञ म्हणून खाली सही करणारा येत आहे. आपण त्यास ओळख दाखवू नये. जेवणाचा आग्रह करू नये. विशेषतः वितळलेल्या चीजचा करू नये, कारण त्याचा निश्चय टिकणार नाही.

आपला,
इ. व्हर्मो, बँडमास्तर

(पाकिटातली चिठ्ठी) लांतेल्मबाईंना मास्तरांचं पत्र आलं. समुद्रकिनारा खरा आहे, ताई. खिडकीला गज आहेत.


मोर्व्हो, ता. १६ जून

चि. इसिदोर यास,
पोटभर आशीर्वाद.

तू, दाजी आणि गास्पार नदीपलीकडे, स्वित्झर्लंडात, सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. सुनावणीत तुझी पाठ आमच्याकडे होती, म्हणून तुला दिसलं नाही ते सांगते.

तू म्हणालास की गुन्हा ऐकल्याशिवाय मत देता येणार नाही, तेव्हा आरोपींना वाद्यं द्या. कर्नलने मान डोलावली. आधी तू सरळ कूच वाजवून घेतलीस; सगळे खांबासारखे उभे. मग काठी जरा गोल फिरवलीस, आणि गास्पारने असा एक-दोन-तीन दिला, की माझे पाय हलायला लागले! कर्नलची बायको उठली. आरोपपत्र लिहिणाऱ्या कारकुनालाच तिने ओढलं आणि गिरकी घेतली. कर्नल ओरडायला तोंड उघडायचा, नियम आठवला की मिटायचा. माशासारखा!

तुम्ही वाजवत दारातून बाहेर, गल्लीतून पुलाकडे, मागे सगळं गाव. पुलावरच्या शिपायांनी टोप्या काढून वाट दिली! मी मध्यापर्यंत नाचत आले. मुलं घरी होती म्हणून वळले. तुझी पॅरिसची काठी नदीत पडताना पाहिली. पडली की टाकलीस?

जनरल अजून आहेच. लांतेल्ममास्तर अजून आतच. तुझी कूच मात्र आमच्या खोऱ्यात बंद केलीय, जनरलच्या सहीने.

काल कर्नलची बायको स्वयंपाकघरात आली. पहारेकरी अंगणात उभा केलेला. मला वाटलं, आता मलाही नेणार. तर तिने हळूच विचारलं की डावीकडची गिरकी कशी घेतात. मी तिला चुलीभोवती शिकवली. दोनदा माझ्या पायावर पडली आणि खुदकन हसली. मग तिने बटव्यातून पूल ओलांडायचा परवाना काढून दिला, कर्नलच्या शिक्क्याचा: मी आणि दोन मुलं, एकूण माणसं तीन. दारापर्यंत गेली, परत आली, परवाना मागून घेतला आणि माझ्याच दौतीत टाक बुडवून तीनचे चार केले.

गुरुवारी दुपारी पुलाच्या पलीकडे हातगाडी घेऊन ये. सामान चौघांचं आहे. भेटीपर्यंत जीव सांभाळ.

तुझी,
ताई