तव्याला चरा नाही

बडनेरा, रविवार

तीर्थस्वरूप वच्छलाबाईंना,

धाकट्या भावाचा, जानरावचा, साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? फोन असताना पत्र का, तर फोनवरचं माझं बोलणं पौर्णिमा आतल्या खोलीतून ऐकते. पोरीचा उजवा हात अजून प्लास्टरात आहे, जावई ट्रेनिंगला गेलेत, म्हणून भांडी मी घासतो. (हसू नका. बायको होती तोवर मी स्वतःचं ताटही उचललं नाही, हे इथं कोणाला माहीत नाही.)

तर पोरीकडे एक काळा गुळगुळीत तवा आहे. त्याला तारेची घासणी चालत नाही, राख चालत नाही, उलथनंसुद्धा लाकडाचं लागतं. "बाबा, याले एक चरा पडता कामा नये," असं तिनं आल्या दिवशीच बजावलं. मी म्हटलं, तव्याला काजळी धरलीच नाही तर घासायचं काय? चुलीवर ठेवण्याआधी तुम्ही पातेल्याच्या बुडाला राखमातीचं लेवण लावायच्या, मग काजळी नुसत्या पाण्यानं निघायची. मी कुंडीतली माती कालवली आणि तव्याला असं झकास लेवण दिलं की तुम्ही पाठ थोपटली असती.

इथली शेगडी विजेची, वरून काचेची. (जाळच नाही तर काजळी कुठली, हे मला नंतर सुचलं.) तवा ठेवताच ती टी-टी करून ओरडायला लागली. मला वाटलं, तवा नीट बसला नाही. चुलीवर पाण्याचा गुंड बसवतात तसा दाबून डावीउजवीकडे फिरवला. मातीत खडे होते. तव्याला चरा नाही, बाई, शपथ! काचेवर मात्र शेतात वखर फिरल्यासारखे चरे उठले.

पौर्णिमा रागावली असती तर परवडलं असतं. ती माझे भेगाळलेले हात बघून म्हणाली, "लय झालं बाबा. तुमी आता आत्याकडे बाळापूरले जा, आराम करा." तसा मीही या शहराला कंटाळलोच आहे. मंगळवारी येतो.

आपला,
जानराव

ता. क. मी येत नाही. पौर्णिमाचा फोन आला तर घरात पाहुणे भरलेत, जागा नाही, असं ठासून सांगा. पोरीचा हात असा असताना तिला सोडून माझा पाय निघत नाही.

आणखी ता. क. आत्या, मी पौर्णिमा, डाव्या हातानं लिहून राहिली. बाबानं पाकीट चिकटवाले मलेच देल्लं. खोटं बोलू नका, मी त्यायले कुठीच पाठवत नाही. प्लास्टर उद्याच निघते, पण हात दुखते असं मी महिनाभर सांगीन. तुमी फक्त बाबाले सांगू नका.